मायच्या कार्डावर

माझ्या एका वाक्याने आत्याची पंधरा-सोळा वर्षांची मेहनत कागदावरून नाहीशी झाली. ते वाक्य खोटं आहे, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. मला कोणी पढवलं नव्हतं की दम दिला नव्हता. मी नुकताच बारावी झालेला, चांगल्या मार्कांचा आणि त्याहून चांगल्या अक्षराचा मुलगा होतो, आणि पूर्ण शुद्धीत बोललो होतो. पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात दुसऱ्यांकडे बोट दाखवत राहिलो. कधी सरकारकडे, कधी कारखान्याकडे, कधी आमच्या गरिबीकडे. त्यांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण त्यांचं लिहायला दुसरे लोक आहेत. माझं मलाच लिहावं लागेल.

आमचं गाव सालेकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रेल्वेलाइनला चिकटून. घरात माणसं तीनच: माय, आत्या आणि मी. बाबा गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करायचे आणि हंगामभर तिथेच मुक्काम करायचे. घरी आले की पाहुण्यासारखे खाटेवर बसायचे, दोन दिवस झोपायचे आणि परत जायचे. आत्या बाबांची धाकटी बहीण, देवका तिचं नाव. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, मूल नव्हतं, सासरच्यांनी तिची पेटी बैलबंडीत ठेवून तिला आमच्या दारात आणून सोडलं. तेव्हा मी रांगत होतो म्हणे. मला आठवतं तेव्हापासून ती घराच्या पुढच्या छपरीत, डाव्या खांबाला पाठ टेकून, मांडीवर सुपडं घेऊन बसलेलीच आहे. सुपड्यात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली तेंदूची पानं. पानं रात्रभर भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेली असत, त्यामुळे छपरीला कायम एक ओलसर, कडवट वास यायचा. तो वास माझ्या कपड्यांना होता, वह्यांना होता. नागपूरला कॉलेजात गेल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलाने विचारलं, तू बिडी पितोस का? मी पीत नव्हतो. मी नुसता त्या घरातला होतो.

बिडी वळण्याचा आवाज फार लहान असतो. कात्रीचा कच कच आवाज, मग पान दोन बोटांत फिरतं तेव्हाची बारीक सळसळ, मग धागा तुटल्याचा टक्. आत्या हे सगळं न पाहता करायची. तिची नजर रस्त्यावर नाहीतर माझ्या पुस्तकावर असायची. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसून मोठ्याने धडे वाचायचो, कारण आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं की मोठ्याने वाचलं की पाठ होतं. पाठ मला व्हायच्या आधी तिला व्हायचं. पानिपताचा धडा घोकत असताना ती मान वर न करता म्हणायची, "बाबू, रसद तुटली ते गाळून राहिला तू. ते मधात आहे." मी पुस्तकात पाहायचो. मधात असायचं. ती दुसरीपर्यंत शिकलेली होती.

दुपारी ती सुपडं बाजूला ठेवून आत जायची आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, कधी त्यात अंबाडीची भाजी असं काहीतरी पुढे आणायची. थंडीत लाखोळीच्या डाळीचे वडे. तिला वडे तळायला आवडायचं, पण हाताला तंबाखू असल्यामुळे ती पीठ स्वतः कालवायची नाही. ते माय कालवायची. माझ्या लहानपणी त्या दोघींनी एकत्र केलेलं एवढं एकच काम मला आठवतं. बाकी त्या एकमेकींशी फारशा बोलत नसत. भांडणही नव्हतं. एकीला दम लागायचा म्हणून ती बोलायची नाही आणि दुसरीला सवय नव्हती.

आता कार्डाचं सांगतो. बिडी कारखाना म्हणजे आमच्याकडे कौलारू खोली, एक तराजू, तंबाखूची पोती आणि मुंशी. यंत्र एकही नाही. यंत्रं म्हणजे गावातल्या बाया, आणि त्या घरी बसलेल्या. सकाळी पानं-तंबाखू न्यायची, संध्याकाळी पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून परत द्यायचे. ज्या बाईचं कारखान्यात कार्ड असेल तिच्याच नावावर माल मिळायचा. मायचं कार्ड माझ्या जन्माआधीचं. माझ्या जन्मानंतर तंबाखूच्या धुळीने तिला दमा लागला, आणि सुपडं हातात घेतलं की ती खोकून खोकून निळी व्हायची. तेव्हापासून बिड्या आत्या वळायला लागली, मायच्या कार्डावर. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावात अर्ध्या घरांत असंच होतं: कार्ड सासूचं, हात सुनेचे. संध्याकाळी मुंशी यादीतून हाक मारायचा, "शांता!" शांता म्हणजे माझी माय. आणि रांगेतून आत्या म्हणायची, "हाव." मुंशीला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. ती इतकी वर्षं हाव म्हणत आली की एकदा बाजारात कोणीतरी दुसऱ्याच शांताला हाक मारली, तर आत्याने मागे वळून पाहिलं.

मधल्या काळात सरकारने बिडी कामगारांसाठी कायदे कडक केले. फंड, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती. चांगलेच कायदे होते. पण ज्या बाईचं कार्ड तिलाच ते सगळं द्यावं लागणार, म्हणून कारखान्यांनी नवीन कार्डं देणंच बंद केलं. आज मी गोंदियाला सरकारी कचेरीत उद्योगांच्या फायली सांभाळतो, आणि असा मजकूर मी अनेकदा वाचला आहे: अमुक योजनेमुळे कामगारांना संरक्षण मिळाले. ज्यांचं कार्ड नव्हतं त्यांच्यासाठी त्या फायलीत रकानाच नाही. तेव्हा मात्र एवढं मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मायच्या कार्डावर मला आठवीपासून शिष्यवृत्ती मिळते आहे आणि नागपूरच्या कॉलेजात गेलो तर ती वाढणार आहे.

मी बारावी झालो त्या उन्हाळ्यात युनियनचे एक भाऊ गावात आले. त्यांनी बायांना सांगितलं, जी वळते तिनं स्वतः अर्ज करावा, कार्ड तिचं झालं पाहिजे. बऱ्याच बाया ऐकून घरी गेल्या. आत्याने अर्ज केला. त्या भाऊंनी लिहिला, तिने सही केली. घरी येऊन तिने मायला सांगितलं, अगदी सरळ.

माय म्हणाली, "कायले पाहिजे तुले कार्ड? तुले कोणी उपाशी ठेवलं का?"

"नाही वो वहिनी. उपाशी कोण म्हणते? मुंशी हाक मारते तवा माझ्या नावानं मारावी, बस."

"अन् ह्याचं कालेज?"

आत्या माझ्याकडे पाहून हसली. "ह्याच्या कालेजाचं करतीन ते काहीतरी. हुशार आहे तो. हुशार पोराले कोण अडवते?"

अडवणार होते. कार्ड आत्याचं झालं तर मी कोणाचा मुलगा? आत्याला मूल नव्हतं. आणि मायने बिड्या वळलेल्याच नाहीत असं लेखी आलं तर मायचं कार्डही जाणार होतं. हे आत्याला कळलं नव्हतं, मला कळलं होतं. मी तिला सांगायला हवं होतं. छपरीत तिच्याजवळ बसून म्हणायला हवं होतं, आत्या, असं असं आहे, एक वर्ष थांब. ती थांबली असती. मला आज शंभर टक्के वाटतं, ती थांबली असती. पण मी काही बोललो नाही. कॉलेजचा फॉर्म उशीखाली घेऊन मी अर्जाची चौकशी करायला येणाऱ्या सरकारी साहेबाची वाट पाहत राहिलो.

साहेब एका दुपारी आले, मुंशीच्या मोटारसायकलवर मागे बसून. उन्हाने लाल झालेले, डोक्यावर रुमाल. त्यांना खाट टाकून दिली. आत्याने पाणी दिलं, चहा ठेवला. मग साहेबांनी कागद काढला आणि तिला विचारलं, "बाई, तुम्हीच वळता?"

"हाव."

"एक वळून दाखवा."

ती सुपडं घेऊन बसली. मी तिला हजारो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिने बिडीकडे पाहून बिडी वळली. हळू, नीट, बिडीचं तोंड दुमडून, धागा गुंडाळून साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी उलटीसुलटी करून पाहिली.

मुंशी म्हणाला, "साहब, ये तो गाँव की कोई भी औरत कर लेगी. बच्चे भी कर लेते हैं." आणि ते खरंच होतं. मलाही येत होतं. नवीन कार्ड म्हणजे त्याच्या मालकाला नवीन भार, हेही खरं होतं. साहेबांनी मायला विचारलं. माय दारात उभी होती, पदर तोंडाशी. ती म्हणाली, "मी काय सांगू साहेब, माझी तब्येत बरी नसते." म्हणजे हो का नाही, ते साहेबांना कळेना. मग मुंशीने माझ्याकडे बोट केलं. "लड़का पढ़ा-लिखा है, इसी से पूछ लो."

साहेबांनी मला जवळ बोलावलं. माणूस वाईट नव्हता. "घाबरू नको," ते म्हणाले. "घरात बिड्या कोण वळतं?"

आत चहा उकळत होता. आत्या तो उतरवायला उठली होती, चुलीपाशी उभी होती, आणि चुलीपासून छपरी चार पावलं. मी म्हणालो, "माय वळते. आत्या फक्त पानं कापून देते."

दुसरं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. पहिलं खरं वाटावं म्हणून मी ते जोडलं. साहेबांनी दोन्ही लिहून घेतली, वाचून दाखवली आणि मी खाली सही केली. माझी सही पाहून ते म्हणाले, अक्षर छान आहे. मग आत्याने चहा आणला. साहेबांना दिला, मुंशीला दिला, तिसरा कप माझ्यापुढे ठेवला. एरवी पाहुण्यांसोबत मला कधी चहा मिळत नसे.

ते गेल्यावर ती पुन्हा खांबाला टेकून बसली. संध्याकाळचा माल पुरा व्हायचा होता. माझ्याशी ती एकच वाक्य बोलली: "तुझं काम झालं ना?" मी मान हलवली. तिने विचारलं त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी मुंशीने शांता म्हणून हाक मारली असणार आणि ती हाव म्हणाली असणार. मी बघायला गेलो नाही.

त्या दिवसापासून मी छपरीत बसणं सोडलं. मागच्या खोलीत, धानाच्या कोठीशेजारी, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात मी पुस्तकं नेली. मनातल्या मनात वाचायला लागलो. ती बाहेर एकटी, मी आत एकटा, मध्ये माय दम लागून पडलेली. गाडी लाइनवरून गेली की भांडी थरथरायची आणि मग पुन्हा ती कात्री. कधी कधी कात्री थांबायची. मला वाटायचं, ती कान देऊन ऐकते आहे, मी काय वाचतो ते. महिनाभराने मी नागपूरला गेलो. निघताना तिने पिशवीत वडे बांधून दिले. मी ते गाडीत खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत. खोलीवर पडून पडून ते खराब झाले.

मी शिकलो, परीक्षा दिल्या, नोकरीला लागलो. तिकडे बिडीचा धंदा बसत गेला. कर वाढले, पाकिटांवर ती भयानक चित्रं आली, मजुरीचे दर आपल्याकडे जास्त म्हणून कारखाने पानं-तंबाखू राज्याच्या सरहद्दीपलीकडे पाठवू लागले. आमच्या गावचा कारखाना आधी आठवड्यातून तीन दिवस उघडायचा, मग दोन दिवस, मग त्या खोलीत मंडप-डेकोरेशनवाल्याच्या खुर्च्या आल्या. मला त्या धंद्याचं दुःख आहे असं मी कसं म्हणू? माझी माय त्याच धुळीने गेली. सरकारने तो मोडला तर चांगलंच केलं, असं कचेरीत बसून म्हणता येतं. पण मोडताना सरकारला विचारावं लागलं की यात काम कोण करत होतं, आणि त्याचं उत्तर कार्डांवरून निघालं. मायला फंड मिळाला, पेन्शन मिळाली. ती गेली तेव्हा तेही थांबलं. आत्या त्या उद्योगात कधी नव्हतीच.

एकदा आमच्याच कचेरीतर्फे कार्डधारक बायांना शिलाई शिकवण्याचा वर्ग निघाला. यादी मी टाइप केली. आमच्या गावच्या बाया जीपने आल्या, आणि त्यांच्यात आत्या. मी धावत व्हरांड्यात गेलो, तर ती जिन्याच्या पायरीवर चपला शेजारी ठेवून बसलेली. "मी सोबतीनं आली," ती म्हणाली. "गाडीत जागा होती. तुझं ऑफिस पाहीन म्हटलं." आत वर्ग चालू होता, यंत्रांचा आवाज येत होता. ती माझ्या डब्यातली अर्धी पोळी जेवली. मी तिला म्हणालो, यादीत नाव नाही तुझं, काय करू? ती म्हणाली, "तू काय करशीन मग? नियम आहे." मी वर गेलो आणि संध्याकाळपर्यंत खाली आलो नाही. खिडकीतून मात्र दोनदा पाहिलं. ती तशीच बसली होती, हात मांडीवर, आणि बोटं हलत होती. वळायला काही नव्हतं, तरी हलत होती.

बाबा आधीच वारले होते; माय गेल्यावर आत्या त्या घरात एकटी राहिली. माझ्याकडे गोंदियाला ये म्हटलं तर म्हणायची, "तुझ्या घरात मी कुठी बसू? छपरी नाही तुझ्या घराले." मी महिन्याला जायचो, औषधं द्यायचो, धान्य भरायचो, तासाभरात निघायचो. बायको म्हणायची, एक रात्र तरी राहत जा. मी राहत नव्हतो. तिथे बसलो की मला बोलावं लागेल अशी भीती वाटायची. या वयाला येऊनही.

गेल्या थंडीत ग्रामपंचायतीत म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा योजनेचे फॉर्म भरून घेत होते. मी आत्याला घेऊन गेलो. दुपारची वेळ, बाहेर उन्हात बाकांवर गावातल्या बाया, बहुतेक जुन्या बिडीवाल्याच. टेबलावर कॉम्प्युटर घेऊन गावातलीच एक मुलगी बसली होती. नाव, वय, आधार झालं. मग तिने विचारलं, "आजी, आधी काम काय करत होत्या तुम्ही? इथं भरावं लागते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाली, "मले नको विचारू बाई. ह्याले विचार. सरकारले ह्याचंच खरं वाटते."

मागच्या बायांमधल्या एक-दोघी हसल्या. आत्याही हसत होती. एवढ्या वर्षांत तिने त्या दुपारचा उल्लेख केला तो हा पहिला. त्या मुलीने निरागसपणे माझ्याकडे तोंड केलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली.

मी म्हणालो, "लिही. बिडी कामगार."

"कार्ड नंबर आहे का काका?"

"कार्ड नाही. ते माझ्यामुळं नाही." मग मी आत्याकडे वळलो. कचेरीतली भाषा मला सापडेना, घरचीच आली. "आत्या, त्या साहेबापुढं मी खोटं सांगितलं होतं. मले माफ कर."

आत्याने पदर सारखा केला. "बस खाली. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"शिकाचं होतं तुले. मले समजलं होतं तवाच. कार्डाचं जाऊ दे, मले त्याचा राग नव्हता." ती माझ्याकडे वळली. "पण पानं कापते, असं काऊन म्हणला गा तू? मी चुलीपाशी होती. काहीच करत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं मले. इतक्या साल तू माझ्याजवळ बसला, अन् मी पानं कापते?"

इतकी वर्षं मी ज्याची माफी मनात घोकत होतो ते कार्ड होतं, फंड होता, पेन्शन होती. तिला जे लागलं होतं ते माझं दुसरं वाक्य होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. त्या मुलीने टायपिंग थांबवलं होतं आणि मागच्या बाया ऐकत होत्या, म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "पानं तू बी कापत होती, पण बिड्या तूच वळत होती आत्या. सगळ्या. मायनं एक नाही वळली. मी तुझ्या बाजूले बसून पाहात होतो, अन् पाहून बी खोटं बोललो. माझं चुकलं."